मुलाला समजावू नका, त्याला बोलू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत मुलांच्या लठ्ठपणावर समुपदेशनाचा म्हणून जो नमुना संवाद छापलात, तो वाचून राहवलं नाही. त्यात ताई मधुमेह, हृदयविकार, गुडघेदुखी सगळं एका दमात सांगतात आणि मुलगा शेवटी ‘हो’ म्हणतो. असा ‘हो’ दवाखान्याच्या पायरीपर्यंत टिकतो. बदलाची बाजू आपणच लावून धरली की मुलाच्या वाट्याला दुसरी बाजू येते: ‘सगळेच खातात’, ‘आजीच देते’. आणि जे तो स्वतःच्या तोंडाने बोलतो, तेच त्याच्या मनात पक्कं होतं. म्हणून बदलाची कारणं आपण न सांगता मुलाकडूनच काढून घ्यायची; या पद्धतीला ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ म्हणतात. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनासाठी ती मांडली, ती वाद घालणं टाळण्यासाठीच.

आधी परवानगी घ्यायची: ‘वजनाबद्दल बोललं तर चालेल?’ मग विचारायचं, ‘० ते १० मध्ये हे तुला किती महत्त्वाचं वाटतं?’ मुलगी ४ म्हणाली तर ‘८ का नाही?’ हा प्रश्न घातक. तिला उणिवाच मोजाव्या लागतात. ‘४ का, २ का नाही?’ असं विचारलं की ती सांगते, ‘खो-खोत दम लागतो.’ तेवढंच उचलून परत द्यायचं: ‘म्हणजे तुला खेळात टिकायचंय.’ इथे ‘हो, पण’ जोडलं की सगळं फिसकटतं. मग बदल तिनेच निवडायचा, एकच: क्लासहून येताना रोजचा वडापाव आठवड्यातून दोनदा, किंवा कोल्ड्रिंकऐवजी पाणी. जमेल याची खात्री १० पैकी ७ च्या खाली असेल, तर बदल आणखी छोटा करायचा.

बहुतेक वेळा हे बिघडतं ते उत्तरं आई देते म्हणून. किशोरवयीन मुलांशी थोडा वेळ एकट्याने बोलायलाच हवं. लहान मुलांच्या बाबतीत मात्र बोलणं पालकांशी. २ ते ८ वर्षांच्या मुलांचा अमेरिकेतला जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दोन वर्षांत पालकांच्या डॉक्टरांशी ४ आणि आहारतज्ज्ञांशी ६ बैठका ठरवल्या होत्या, तेव्हा फरक दिसला. तुमच्या संवादात सगळं एका भेटीत उरकतं! पालकांनी त्यावर विसंबून दुसऱ्या भेटीला यायचंच नाही का?

आणखी एक. लेखाशेजारी बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजनाचा) प्रौढांचा तक्ता छापला आहे. दहा वर्षांच्या मुलाचा बीएमआय २२ असेल, तर त्यात तो ‘योग्य’ ठरतो; जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात तो स्थूल आहे. आपल्याकडे ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, मुलगे आणि मुलींचे वेगवेगळे. कालचा तक्ता कापून फ्रिजवर लावलेल्या पालकांसाठी दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापावी ही विनंती.

आपली,
एक बालआहारतज्ज्ञ, सांगली