लालबाग अजून बघायची राहिलीय

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. न.

हे सगळं फोनवरच सांगणार होते. पण बाबा स्पीकर लावतात, आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि मूळ मुद्दा तिथेच राहतो. म्हणून पत्र.

मागच्या ऑगस्टमध्ये मी तुम्हाला बंगळूरची लालबाग दाखवली, असं आपण सगळ्यांना सांगतो. ते खरं नाही. मी तुम्हाला गर्दी दाखवली. स्वातंत्र्यदिनाचं पुष्पप्रदर्शन आणि वर सुटीचा दिवस! काचघराच्या रांगेतच बाबांचा गुडघा बोलायला लागला, आणि आईला फुलांऐवजी पुढच्याची पाठ आणि वर धरलेले मोबाईल दिसले. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "छान होतं." ते 'छान' मी ओळखते. कुणाकडे चहा फार गोड झाला की तुम्ही म्हणता, तेच.

परवा शनिवारी एकटीच गेले. मेट्रोचं लालबाग स्टेशन पश्चिम दरवाज्याच्या जवळच आहे, सातच्या आत मी बागेत होते. 240 एकरांत चालायला आलेली थोडी माणसं आणि भरपूर पक्षी. झाडं ओळखणाऱ्यांचा एक गट दिसला, त्यांच्या मागे मागे निर्लज्जासारखी फिरले. कुणी हटकलं नाही. उलट एका आजींनी त्यांची दुर्बीण दिली.

आई, कैलासपती बघितलास का कधी नीट? फुलं फांद्यांच्या टोकाला नाहीत, थेट खोडावर. पाकळ्यांच्या मधे नागाचा फणा आणि फण्याखाली पिंड, अगदी तसंच. आपण याला इतकं आपलं मानतो, आणि झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं! फळं तोफेच्या गोळ्यांसारखी, त्यामुळे खाली फार वेळ रेंगाळायचं नाही. पुढे एक पांढरी सावर आहे. तिची मुळं खोडापासून भिंतींसारखी बाहेर निघालीत. मी तिचे सात-आठ फोटो काढले आणि सगळे पुसून टाकले, एकातही ती मावत नाही.

बाबा, आता तुमच्यासाठी. बंगळूर वसवणाऱ्या केम्पेगौडांच्या नावाचा बुरूज ज्याच्यावर आहे, ते बघून तुम्ही लांबूनच म्हणाला होतात, "टेकडी दिसतेय." टेकडी नाही, सगळा उघडा खडक आहे. या जातीच्या खडकाला नाईस (gneiss) म्हणतात. वय साधारण 300 कोटी वर्षं. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलाय. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे वर्गात सांगताना तुम्ही मुद्दाम थांबायचात, आकडा मुलांच्या डोक्यात जिरावा म्हणून. इथला आकडा त्याच्या पंचेचाळीस पटींहून मोठा. मी त्या खडकावर चप्पल काढून बसले. सकाळी गार असतो, ऊन चढलं की बसवत नाही. आणि भूगोलाच्या मास्तरांना मी त्याच्यासमोरून वीस मिनिटांत पुढे नेलं, कारण प्रदर्शनाची रांग वाढत होती.

बाग हैदरअलीने 1760 मध्ये सुरू केली, टिपूने परदेशांतून झाडं आणि बिया आणवल्या, हे मागच्या वेळी मी चालता चालता सांगितलं होतं. पण क्रुम्बिगलचं सांगायचं राहिलं. गुस्ताव क्रुम्बिगल, जर्मन माणूस. लंडनच्या क्यू उद्यानात काम करून 1893 मध्ये भारतात आला, तो आधी कुणाकडे? बडोद्याला, आपल्या सयाजीराव महाराजांकडे! 1908 मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्याला बंगळूरला आणलं. बागेतच नाही, शहराच्या रस्त्यांवरही त्याने झाडं अशा हिशेबाने लावायची पद्धत पाडली, की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. म्हणजे वर्षभर कुठे ना कुठे काहीतरी फुललेलं. ज्या बागेमागे असा विचार आहे, तिथे फुलं बघायला आपण प्रदर्शनाच्या आठवड्याची वाट बघत बसलो! प्रदर्शनात फुलांचे किल्ले आणि इमारती करतात, लोक कौतुकाने बघतात, बघोत. मला ते कधी पटलं नाही.

काचघर मात्र मोकळं बघायलाच हवं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून घेतलेलं, बिडाच्या लोखंडाचं आणि काचेचं. पायाभरणी 1889 ची, ब्रिटिश राजपुत्राच्या हातची. समारंभांसाठीच बांधल्यासारखी जागा. लग्न आटोपल्यावरचा मांडव कसा भकास दिसतो? इथे उलटं आहे. रिकामं असलं की त्याच्या कमानी दिसतात आणि वरून उतरलेला उजेड दिसतो. मागच्या वेळी आपण तिघांनी तिथे मान वर केलीच नव्हती.

आता चालण्याचं. बाकं जागोजाग आहेत, मी मुद्दाम बघत फिरले. आत बॅटरीवरच्या गाड्याही फिरतात, पण बाबा त्यात बसणार नाहीत हे गृहीत धरलंय. खडकाचा उतार गुडघ्याला नको, पायथ्याशी बसलात तरी तुमचे 300 कोटी हातालाच लागतात. तिथून कैलासपती, मग काचघर. तळ्याची फेरी जमली तर जमली. वाटेत एचएमटीचं फुलांचं घड्याळ आहे, बाबा आपलं जुनं चावीचं एचएमटी काढून त्याच्याशी वेळ जुळवून बघणार, हे मला आत्ताच दिसतंय.

26 जानेवारीचं प्रदर्शन आटोपलं की फेब्रुवारीत या. रविवार सोडून कुठलाही दिवस, मी रजा टाकते. तारीख आईने ठरवायची. बाबांवर सोडलं तर "बघू" म्हणतील आणि जून उजाडेल.

आणि बाबा, काठी. गेल्या खेपेला बॅगेत भरून आणलीत आणि परत जाईपर्यंत बॅगेतच होती. या वेळी स्टेशनवर उतरताना ती हातात दिसली पाहिजे.

तुमची,
लेक