निकालाआधीचे पाच दिवस

महोदय,

2025 साली पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने 25 एप्रिलपर्यंत चालल्या आणि 1 मे रोजी ध्वजवंदनानंतर निकाल. मधल्या पाच दिवसांत पेपर तपासणे, गुणतक्ते, प्रगतिपत्रके, शाळा सोडल्याचे दाखले, शिवाय पटनोंदणीसाठी घरोघरी फेऱ्या. वीज गेली की घाम प्रगतिपत्रकावर ठिबकायचा. मनगटाखाली रुमाल ठेवून नावे लिहिली. कामाबद्दल तक्रार नाही. पण त्याआधी तिसरीतली लेकरे डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, रांजणाशी ताटकळत पेपरची वाट पाहत होती, ते बघवत नव्हते. विदर्भातल्या परीक्षा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच संपवाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, जि. यवतमाळ