जॉनी ड्यानीचे दोन स्वर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली डबल बासची (उभ्यानं वाजवायच्या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याची) क्लिप नीट ऐकली. स्वर जागेवर आहेत, पण आठव्या आवर्तनाला ओळ मरगळते, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. यावर एकच माणूस सुचतो, जॉनी ड्यानी.

दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनचा, डंकन व्हिलेज या काळ्यांच्या वस्तीतला हा खोसा बासवादक. खोसा लोकांचं जुनं वाद्य आहे, उहाडी. धनुष्याला एकच तार, तिच्याशी जोडलेला पोकळ भोपळा. तारेवर काडीनं ठोकायचं. तार चिमटीत धरली की स्वर साधारण एका पूर्ण स्वरानं चढतो. मूळ स्वर दोनच. पण भोपळ्याचं तोंड छातीशी जवळ-दूर केलं की उपस्वर उमलतात, तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार येतो तसे, आणि चाल त्या उपस्वरांतून उभी राहते. ड्यानीच्या डोलत परत येणाऱ्या ओळींत मला हेच ऐकू येतं. म्हणून तो तीच ओळ पन्नास वेळा वाजवतो तरी ती शिळी होत नाही.

आता तुझ्या हाताचं. तुझेही स्वर दोनच, पूर्ण स्वराच्या अंतरावरचे, पाश्चात्त्य नावांनी एफ आणि जी. ई या सगळ्यात जाड तारेवर पहिल्या बोटानं एफ, चौथ्यानं, म्हणजे करंगळीनं, जी. तार १०५ सेंमी असेल तर या दोन जागांत जेमतेम ११ सेंमी अंतर. तिसरं बोट करंगळीला चिकटवूनच ठेव. एकट्या करंगळीला ती जाड तार झेपत नाही, मग जी उतरतो आणि खरखरतो. अंगठ्यानं दांडी आवळू नकोस, वजन खांद्यातून येऊ दे. उजव्या हाताची तर्जनी आडवी, बाजूच्या मांसल भागानं, फिंगरबोर्डच्या टोकाशी. घोडीकडे सरकलास की आवाज बारीक होतो.

मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लाव. चार मात्रा एफ, चार मात्रा जी, दहा मिनिटं. तुझी चूक स्वर सोडण्यात आहे. जी यायच्या आधीच एफ मरतो, कारण तू पहिलं बोट घाईनं उचलतोस. ते उचलायचं कारणच नाही. एफ दाबलेला असतानाच चौथं बोट टाक. परतताना फक्त चौथं काढ, एफ खाली तयारच असतो. मधली फट गेली की ओळ आपोआप डोलेल.

ऐकायला ड्यानीची १९७३ ची ‘गुड न्यूज फ्रॉम आफ्रिका’ ही रेकॉर्ड आधी घे. सोबत पियानोवादक डॉलर ब्रँड, म्हणजे पुढचा अब्दुल्ला इब्राहिम. ड्रम नाहीत, त्यामुळे बास लपत नाही. हेडफोन मात्र लागतीलच. तो खालचा एफ ४४ हर्ट्झच्या आसपास असतो, मोबाइलच्या स्पीकरला तो मूळ स्वर पेलत नाही. त्यानंतर १९७८ ची ‘साँग फॉर बिको’. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोंचा कोठडीत मृत्यू होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ही कोपनहेगनमध्ये ध्वनिमुद्रित झाली.

ड्यानी कोपनहेगनला कसा पोचला तेही लक्षात ठेव. ‘ब्लू नोट्स’ या त्याच्या जॅझ गटात ख्रिस मॅकग्रेगर हा गोरा पियानोवादक, बाकीचे काळे. असं एकत्र वाजवणं वर्णभेदाच्या कायद्यांमुळे धोक्याचं झालं होतं. १९६४ मध्ये ते फ्रान्समधल्या आंतिबच्या महोत्सवाला निघाले, तेव्हा ड्यानीनं विशीही गाठली नव्हती. गटातला सॅक्सोफोनवादक निक मोयाके तेवढा मायदेशी परतला. बाकीचे झ्युरिक, मग लंडन. १९६६ मध्ये ड्यानी अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसीबरोबर अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सला गेला, तिथे मुक्त जॅझ वाजवला. सत्तरच्या दशकात डेन्मार्क, पुढे स्वीडन.

ऑक्टोबर १९८६ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये कार्यक्रमानंतर तो अचानक गेला. पुढच्या वर्षी मॅकग्रेगर, डुडू पुक्वाना आणि लुई मोहोलो या गटातल्या जुन्या साथीदारांनी ‘ब्लू नोट्स फॉर जॉनी’ ही रेकॉर्ड वाजवली. पियानो, सॅक्सोफोन, ड्रम. बासवादक त्यांनी घेतलाच नाही.

ती सगळ्यात शेवटी ऐक. पुढची क्लिप मेट्रोनोमसकट पाठव.

तुझा,
अवि