कलोडनचा माळ आणि असई

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या बंडातल्या बड्या सरदारांचं पुढे काय झालं?" तेव्हा नेमका ऑफिसचा फोन आला, म्हणून आता लिहिते. ते बंड म्हणजे 1745 चं, ब्रिटनच्या राजाविरुद्धचं. ते जिथे मोडलं तो कलोडनचा माळ स्कॉटलंडमधल्या आमच्या इन्व्हर्नेसपासून आठेक किलोमीटरवर आहे. हायलँडातल्या, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, कुळांच्या नावांचे दगड आहेत तिथे, पण ते 1881 साली बसवलेले.

स्टुअर्ट घराण्याचं गेलेलं राज्य मिळवायला त्या घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड जुलै 1745 मध्ये स्कॉटलंडला उतरला, तेव्हा त्याच्याबरोबर मूठभर माणसं आणि फ्रेंच मदतीच्या आशा होत्या. कॅमेरॉन कुळाचा प्रमुख लॉकील आधी नकोच म्हणत होता, शेवटी आला. मग एडिंबरा, डिसेंबरात लंडनच्या वाटेवर थेट डर्बी, आणि तिथून सरदारांच्या आग्रहाखातर माघार. 16 एप्रिल 1746 ला, म्हणजे पानिपतच्या पंधरा वर्षं आधी, कलोडनवर तासाभराच्या आत खेळ आटोपला. बंडखोरांचे मेलेले-जखमी मिळून दीड हजारांच्या घरात, सरकारचे मेलेले पन्नासेक.

यातले बरेच सैनिक राजपुत्रासाठी आलेच नव्हते. जमीन प्रमुखाची, कसणारा खंडकरी. बोलावणं आलं की जायचं. नाही म्हटलं तर घर जाळू, गुरं नेऊ, अशा धमक्या होत्या.

आई, एक गोष्ट खास तुझ्यासाठी. मॅकिंटॉश कुळाचा प्रमुख सरकारी फौजेत, आणि त्याची बायको ॲन हिने त्याच कुळाची माणसं राजपुत्रासाठी उभी केली. पुढे नवरा बंडखोरांच्या हाती सापडला, तर त्याला तिच्याच ताब्यात दिलं! तिला लोक 'कर्नल ॲन' म्हणायचे.

आता सरदारांचं. किलमार्नॉक आणि बाल्मेरिनो यांची ऑगस्ट 1746 मध्ये लंडनला टॉवर हिलवर मान उडवली. किलमार्नॉकचा थोरला मुलगा कलोडनवर बापाच्या विरुद्ध बाजूला होता. म्हाताऱ्या लोव्हॅटला एप्रिल 1747 मध्ये मारलं. ब्रिटनमध्ये शिरच्छेद करून मारलेला तो शेवटचा माणूस. पण मान उडवणं ही सवलतच म्हणायची. खालच्या लोकांना फाशी देऊन, पोट फाडून मारलं.

साध्या कैद्यांसाठी तर सरळ चिठ्ठ्या टाकल्या. वीस जणांत एक चिठ्ठी, ज्याची निघेल त्याच्यावर खटला. बाकीचे बहुतेक हद्दपार, वेस्ट इंडीज आणि अमेरिकेतल्या वसाहतींकडे. 'व्हेटरन' नावाचं एक जहाज मात्र वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि त्यातले दीडशे कैदी मार्टिनिकला मोकळे झाले. हे वाचून मला फार बरं वाटलं.

आणि क्रोमार्टीचा अर्ल, म्हणजे तिथला उमराव? त्यालाही मरणाचीच शिक्षा झाली होती. गरोदर बायकोने राजापुढे पदर पसरला आणि तो सुटला. त्याचा मुलगा लॉर्ड मॅक्लाउडही बंडात होता, त्यालाही माफी मिळाली. बाबा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या मुलात आहे. तो स्वीडनच्या नोकरीत गेला, मग परतून त्याने ज्या राजघराण्याविरुद्ध शस्त्र धरलं होतं त्याच्यासाठीच हायलँडर पलटण उभी केली. 1780 मध्ये ती पलटण मद्रासेला आली. त्याच सप्टेंबरात कांचीजवळ पोल्लिलूरला हैदर-टिपूने कंपनीच्या कर्नल बेलीची तुकडी कापून काढली, त्या तुकडीत या पलटणीचेही शिपाई होते. 1784 मध्ये मॅक्लाउडला घराण्याची जप्त जहागीर परत मिळाली. त्या शिपायांना काय मिळालं असेल, सांगा!

बंडानंतर हायलँडात पुरुषांना किल्ट, म्हणजे त्यांचा गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घागरा, घालायला बंदी होती. उठली ती 1782 मध्ये. तोवर फक्त सरकारी पलटणीत घालता यायचा. पोरं भरती का होत, त्याचं एक कारण हेही असावं, असं मला वाटतं. पोट हे दुसरं आणि मोठं.

23 सप्टेंबर 1803 ला आपल्या जालन्याजवळ असईला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत ज्या दोन हायलँडर पलटणी शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर चालून गेल्या, त्यांतली 78वी इथल्याच मॅकेंझी मुलखातली. तिचा संस्थापक सीफोर्थचा मॅकेंझी. त्या घराण्यानेही आधीच्या, 1715 च्या अशाच बंडापायी आपली अर्लकी घालवली होती. बाबा, तुम्ही असईला जाल तेव्हा तिथली माणसं या गोऱ्या शिपायांबद्दल काय सांगतात ते विचारून मला कळवा.

आईला गुडघ्याचं तेल रोज लावायला सांगा.

तुमची,
माई