बाबांना पत्र: ताईच्या टेबलाविषयी

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार,

मी इथे मजेत आहे. ताईच्या लग्नासाठी तुम्ही करणार ते टेबल, म्हणजे दोन फळ्यांच्या मधे इपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा द्रव) ओतून करायचं, ते कसं ते या पत्रात लिहिते. फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून आधी तेच लिहिते: इपॉक्सीचं काम मी मास्क लावूनच करते. साधा कापडी नाही, रसायनाची वाफ शोषणारा, डब्या लावलेला. हातात नायट्राइलचे मोजे असतात. वासापेक्षा कातडीला जास्त जपावं लागतं, कारण रेझिन वारंवार लागलं तर अ‍ॅलर्जी होते आणि ती जन्माची राहू शकते. तुमच्या हाताला लागलं तर थिनर वापरू नका, साबणपाण्याने धुवा. आता तरी काळजी नका करू.

फळ्या निवडणं, रंधा मारणं मी तुम्हांला काय सांगणार! फक्त ओल मीटरने मोजा. 12 टक्क्यांच्या वर असेल तर ओतूच नका. लाकूड मागाहून सुकतं, आकसतं आणि रेझिनपासून सुटतं. साल पटाशीने पूर्ण काढा, भुसभुशीत भागही खरवडा. रेझिन सालीला घट्ट धरेल, पण सालच लाकूड सोडेल.

साचा मेलामाइन बोर्डाचा करा, आतून टेप लावा, सांध्यांत सिलिकॉन भरा आणि पाणसळीने समतल करा. फळ्या शिकंज्यांनी दाबून ठेवा, नाहीतर त्या रेझिनमध्ये तरंगतात. ओतण्याआधी फळ्यांच्या कडांना रेझिनचा पातळ हात द्या. लाकडाच्या छिद्रांतली हवा तिथेच अडते. हा हात चुकवला, तर कडेपासून बुडबुड्यांची बारीक माळ वर येत राहते आणि ती तशीच गोठते.

माल किती लागेल? दोन फळ्यांमधली जागा 150 सेंटिमीटर लांब, सरासरी 20 रुंद, 4 खोल धरली तर 12,000 घन सेंटिमीटर, म्हणजे 12 लिटर. भेगा आणि गळती धरून साडेतेरा लिटर आणा. डब्यावर ‘डीप पोर’, म्हणजे जाड थर ओतण्यासाठीचं, असं लिहिलेलं बघूनच घ्या. वरच्या थराचं इपॉक्सी एवढं जाड ओतलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, पिवळं पडतं, तडकतं, कधी धूरही निघतो.

इथे अशी टेबलं करणाऱ्या लोकांची एक सवय मला आधी कळेचना. रेझिन आणि हार्डनर एका बादलीत पाच मिनिटं ढवळून झालं की सगळं दुसऱ्या कोऱ्या बादलीत ओततात आणि पुन्हा ढवळतात. कारण असं की पहिल्या बादलीच्या भिंतीला आणि तळाला न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतं. बादली निथळताना तेच शेवटी टेबलावर पडतं आणि तेवढा डाग कायमचा चिकट राहतो. म्हणून पहिली बादली खरवडून ओतायची नाही. मापही हे लोक काट्यावर घेतात. डब्यावर रेझिन-हार्डनर 2:1 लिहिलेलं असलं तर ते बहुतेक आकारमानाचं असतं. हार्डनर हलका, त्यामुळे वजनाचं प्रमाण वेगळं निघतं. ते माहितीपत्रकात असतं, तेच धरा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालायचा नाही. त्याने सुकत नाही, बिघडतं. बाबा, एवढं लिहिलं कारण बहुतेक टेबलं या मिसळण्यातच फसतात.

ओतल्यावर बुडबुड्यांवर हीट गन लांबून, भराभर फिरवा. घट्ट व्हायला दोन-तीन दिवस लागतात, पुरतं पिकायला आठवडा किंवा जास्त. तोवर घासू नका. अर्धं पिकलेलं रेझिन पॉलिश पेपरवर गोळा होतं, आणि त्याची धूळही वाईट. मग राउटरने (लाकूड तासायच्या विजेच्या यंत्राने) सपाट करून 80 पासून 220 पर्यंत पॉलिश पेपर मारा, एकही नंबर गाळू नका. तेल दोन्ही बाजूंना द्या. पायांच्या स्क्रूंना आडवी लांबट भोकं ठेवा, लाकूड रुंदीत हलतं.

आता पैशांचं. मी पाठवले आहेत, मिळाल्यावर कळवा. त्यातले मास्कचे आणि मीटरचे वेगळे काढून ठेवा, घरखर्चात घालू नका. ताईच्या लग्नाला मला येता येत नाहीये. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत, तेच जास्त लागलं. टेबलाला माझाही हात लागायला हवा होता. ओतायच्या दिवशी व्हिडिओ कॉल लावा, कितीही वाजले असले तरी मी उचलीन. लग्नाआधी महिनाभर तरी ओतून ठेवा.

आईला म्हणावं, मी वेळेवर जेवते.

तुमची,
धाकटी