फौजदारकाका, तुम्ही आम्हाला तुमचे रिंगण दिलेत

आदरणीय फौजदारकाका,

सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव विचारले तेव्हा तुम्ही छातीवरच्या पाटीकडे बोट दाखवलेत आणि पाटीवर ‘फौजदार, ठाणे : मिळेल तिथे’ एवढेच लिहिलेले होते, म्हणून त्याच नावाने लिहीत आहे. मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवात फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी संध्याकाळी फौजदाराचे सोंग घेऊन आलेल्या तुमच्यासारख्या बहुरूप्याने आमच्या पथनाट्याच्या चमूला जी मदत केली, तिचे आभार मानायचे तिथेच राहून गेले. तुमचा पत्ता आमच्याकडे नाही, त्यामुळे हे पत्र उघड लिहिले आहे. तुमच्या ओळखीचे कोणी वाचले, तर त्यांनी कृपया ते तुमच्यापर्यंत पोहोचवावे.

आम्ही आठजण होतो आणि नाटक ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणावर होते. विषय ऐकून कोणी थांबावे असा नव्हता, हे आज मान्य करायला हरकत नाही. महोत्सवाच्या रॅम्पार्ट रो या रस्त्यावर माणसांचा पूर लोटला होता, पण तो वाहता होता. आम्ही डफ वाजवला, घसा ताणून घोषणा दिल्या. लोक मान वळवत, एक फोटो काढत आणि पुढे सरकत. दहा मिनिटांनंतर आमच्यासमोर उभे असलेले प्रेक्षक तीन होते आणि त्यांपैकी दोघी आमच्यातल्याच एकीच्या मावश्या होत्या.

तेवढ्यात तुमची शिट्टी वाजली. खाकी गणवेश, एका खांद्यावर दोन तारे तर दुसऱ्यावर तीन, आणि हातात रंगवलेली काठी. तुम्ही आमच्याकडे पाहिलेही नाहीत, सरळ त्या काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडे वळलात आणि पंचनामा सुरू केलात. घोडा जागेवर आहे, मग स्वार कुठे गेला? या परिसराला ज्याच्यामुळे नाव मिळाले, तो इंग्रज युवराजाचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्येच इथून हलवला गेला आणि आता राणीच्या बागेत आहे. 2017 मध्ये इथे बसवलेल्या नव्या घोड्यावर स्वारच नाही. येणारेजाणारे ही गोष्ट रोज पाहतात, पण तिच्यात एक तपास दडलेला आहे हे फक्त तुम्हाला दिसले. ‘स्वार फरार आहे, कोणी हलायचे नाही,’ असे तुम्ही दरडावलेत आणि खरोखरच कोणी हलले नाही.

पुढचे मी अगदी जवळून पाहिले, कारण आरोपी म्हणून तुम्ही माझीच कॉलर धरली होती. लहान मुलांना ‘साक्षीदार’ म्हणून तुम्ही सर्वांत पुढे, रस्त्यावर मांडी घालून बसवलेत. गर्दी आत घुसू लागली तेव्हा तोंडाने ‘मागे व्हा’ असे एकदाही म्हटले नाहीत. काठीचे टोक जमिनीवर घासत कडेकडेने फेरी मारलीत, प्रत्येक फेरीला पाऊलभर बाहेरून, आणि माणसे आपसूक मागे सरकली. चौथ्या फेरीला तिथे चांगले ऐसपैस रिंगण झाले होते. नंतर तुम्ही मला म्हणालात, ‘पुढं पोरं बसली की मागचा माणूस हलत नाही. पोराला उठवून नेणार कोण?’ आम्ही तीन महिने तालीम केली होती, पण संवादांची. रिंगण कसे धरायचे, हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते आणि ते शिकावे लागते हेही ठाऊक नव्हते.

खरे आभार मात्र त्यानंतरच्या क्षणाचे आहेत. लोक हसून हसून रंगात आले होते आणि ती थाळी फिरवण्याची वेळ होती. हातावर पोट असलेला कोणताही कलावंत तो क्षण सोडत नाही. तुम्ही मात्र माझी कॉलर सोडलीत, ‘आरोपींना आपली बाजू मांडायची आहे, ऐकून घ्या,’ असे लोकांना सांगितलेत आणि मुलांच्या रांगेत जाऊन बसलात. भरलेले रिंगण तुम्ही जसेच्या तसे आमच्या हाती दिलेत. आमचे वीस मिनिटांचे नाटक शेवटपर्यंत पाहिले गेले, ते त्यामुळे.

त्यानंतर घरी बसून मी थोडे वाचले. बहुरूपी समाजाची नोंद महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे, हे मला त्याआधी माहीत नव्हते. राज्यातल्या 1959च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक म्हणजे काय ते सांगताना गाणे, नाचणे किंवा खेळ करून दाखवणे या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणेही मोजलेले आहे, हे वाचून तर लाज वाटली. (हाच कायदा दिल्लीलाही लागू होता, तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यातली बरीच कलमे रद्द केली.) म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही आठजण महोत्सवाचे कलाकार ठरलो, आणि ज्यांच्याकडून आम्ही कला शिकलो त्यांनी त्याच रस्त्यावर थाळी पुढे केली असती, तर खरा फौजदार त्यांना उठवू शकला असता. सोंग पोलिसाचेच का, असे मला विचारायचे होते. पुढच्या भेटीत विचारीन.

नाटक संपल्यावर आम्ही आपसांत जमवलेले पैसे तुमच्यापुढे धरले. तुम्ही ते घेतलेत, दोनदा मोजलेत, खिशातून चुरगळलेले पावतीपुस्तक काढलेत आणि रीतसर पावती फाडलीत. ती आम्ही डफाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. त्यावर तुमच्या अक्षरात असे आहे : ‘गुन्हा – गर्दी न जमवणे. दंड वसूल. आरोपी सुधारण्याजोगे.’

आपले नम्र,
त्या संध्याकाळचे आठ आरोपी