मळमळीची गोळी ‘लागल्यास’ नव्हे, वेळेवर

महोदय,

केमोथेरपी सुरू झालेल्या रुग्णाच्या घरी औषधांची जी पिशवी येते, तिच्यातील उलटीच्या गोळ्यांकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असा माझा अनुभव आहे. खरे औषध शिरेतून गेले, आता उरलेली किरकोळ, अशी आपली समजूत असते. माझ्या आईला पहिल्या केमोनंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितलेल्या गोळ्या तिने दुसऱ्या दिवशी घेतल्याच नाहीत. ‘मळमळत नाही, तर उगाच कशाला पोटात औषध घालायचे’ असे म्हणून तिने स्ट्रिप उशाशी ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे सुरू झालेल्या उलट्या दुपारपर्यंत थांबल्या नाहीत आणि तेव्हा घाईघाईने दिलेली गोळी पाच मिनिटांत पाण्यासकट बाहेर पडली. शेवटी सलाईन लावावे लागले. यात चूक तिची कमी आणि आम्हा घरच्यांची जास्त होती, कारण चिठ्ठीवर कोणती गोळी नेमाने घ्यायची आणि कोणती त्रास झाला तरच, हे आम्ही कोणाला विचारलेच नव्हते.

सुरू झालेली उलटी थांबवणे या औषधांना जड जाते. ती येऊच न देणे त्यांना अधिक चांगले जमते. केमोच्या औषधामुळे आतड्याच्या अस्तरातील पेशींतून सेरोटोनिन हे रसायन सुटते आणि त्याचा इशारा मज्जातंतूंवाटे मेंदूतील उलटीच्या केंद्रापर्यंत पोहोचतो; ऑन्डॅनसेट्रॉनसारखे औषध ही वाट आधीच अडवून धरते, म्हणून ते केमोच्या आधी द्यायचे असते. त्याचा मुख्य उपयोग पहिल्या 24 तासांत होतो. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधांनंतर मळमळीची दुसरी लाट येते, जी 48 ते 72 तासांच्या सुमारास सर्वाधिक जोर धरते, आणि तिच्यासाठी अ‍ॅप्रेपिटंट, डेक्सामेथासोन, ओलान्झापिन अशी वेगळी औषधे जोडावी लागतात. आईने टाळलेल्या गोळ्या याच दुसऱ्या लाटेसाठी होत्या. अर्थात प्रत्येक केमोने सारखाच त्रास होत नाही; काही औषधांनी प्रतिबंध न केल्यास दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना उलट्या होतात, तर काहींनी दहापैकी एकालाही क्वचितच, त्यामुळे शेजारच्या खाटेवरील रुग्णाची चिठ्ठी आपल्याला लागू पडत नाही.

ओलान्झापिनविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. हे मुळात मानसिक आजारांवरील औषध, त्यामुळे नाव मोबाइलवर शोधले की घरचे धास्तावतात आणि न सांगता ते बंद करतात. केमोतील मळमळीवर ते लहान मात्रेत, थोडेच दिवस दिले जाते आणि चांगले लागू पडते. गुंगी मात्र येते. म्हणून ते बहुधा रात्री घ्यायला सांगतात, आणि वयस्कर रुग्णाला रात्री उठताना आधार द्यावा लागतो. याउलट डेक्सामेथासोन झोप उडवते आणि रक्तातील साखर वाढवते, तेव्हा ते सकाळी खाऊन घेणे बरे, आणि मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर तपासणे आवश्यक आहे.

ऑन्डॅनसेट्रॉनने बद्धकोष्ठता होते, ही साधी गोष्ट आम्हाला चौथ्या दिवशी कळली. त्याने डोकेही दुखते. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असलेल्यांनी, किंवा नैराश्यावरील गोळ्या चालू असलेल्यांनी, ते डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे. घरात मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्याच दुसऱ्या गोळीची पूर्वीची स्ट्रिप पडलेली असते आणि एका गोळीने भागले नाही की ती सोबत देण्याचा मोह होतो. पण तिच्यामुळे मान वाकडी होणे, जबडा आवळणे, कमालीची अस्वस्थता वाटणे असे प्रकार होऊ शकतात आणि ओलान्झापिनसोबत ही शक्यता आणखी वाढते. युरोपच्या औषध नियामकांनी 2013 मध्ये तिचा वापर जास्तीत जास्त पाच दिवसांवर आणला, तो अशाच कारणांसाठी.

जिभेवर विरघळणारी गोळी पाकिटातून दाबून काढायची नसते, हेही आम्ही चुरा झाल्यावरच शिकलो. मागचा कागद सोलून, कोरड्या बोटांनी उचलून ती जिभेवर ठेवायची असते. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर दुसरी घ्यावी की नाही, हे औषधागणिक बदलते. ते पहिल्या दिवशीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

केमो देणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की, त्यांनी घरी नेण्याच्या औषधांची चिठ्ठी दोन भागांत लिहावी: ‘त्रास नसला तरी घ्यायची’ आणि ‘त्रास झाल्यासच घ्यायची’. शिवाय दिवसभर पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, उलटीत रक्त दिसले किंवा पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही अडले, तर रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, तो क्रमांक त्याच कागदावर ठळक अक्षरांत असावा.

आपली,
एक वाचक